खांदेरीवरून थेट सेंट हेलेना : येणाऱ्या-जाणाऱ्यांवर जगलेलं बेट

वल्हं (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात थळच्या धक्क्यावरून होडी करून खांदेरीला जाऊन आलो. वेताळाचं दर्शन, दीपगृह, दगडाने ठोकलं की भांड्यासारखा वाजणारा तो खडक, सगळं यथासांग झालं. परतताना तांडेलाने पाण्याकडे हात करून "इथंच इंग्रजांची कोंडी केलीवती" असं इतक्या सहज सांगितलं की जणू परवाचीच गोष्ट. घरी आल्यावर १६७९ ची ती लढाई पुन्हा वाचायला काढली.

मायनाक भंडारी, दौलतखान ही आपली बाजू सगळ्यांना माहीत आहे. समोर 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजावर होता कॅप्टन रिचर्ड केग्विन. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या होड्या चालून आल्या, 'डोव्हर' आपल्या हाती लागलं, इंग्रजांची छोटी गलबतं पळाली आणि हा एकटा झुंजत राहिला. बेट मात्र शेवटी महाराजांकडेच राहिलं. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला.

हा केग्विन आला कुठून, म्हणून शोधत गेलो, तर हा गडी मुंबईला येण्याआधी सेंट हेलेनाचा गव्हर्नर होता! १६७३ च्या सुरुवातीला डचांनी ते बेट घेतलं होतं आणि मे महिन्यात इंग्रजांनी परत मिळवलं. केग्विनची तुकडी बेटाच्या मागच्या अंगाला, प्रॉस्परस बे नावाच्या खाडीत उतरली. वाट दाखवायला बरोबर ब्लॅक ऑलिव्हर नावाचा एक गुलाम होता, तो बेटावरचाच. समोर सरळसोट कडा. आख्यायिका अशी की एक शिपाई सुतळीचा गुंडा घेऊन वर चढला आणि खालून बाकीचे ओरडत होते, "घट्ट धर रे टॉम!" त्या कड्याला आजही 'होल्डफास्ट टॉम' म्हणतात.

मग म्हटलं, आता बेटच वाचून काढू. दोन-तीन आठवडे तेच चाललंय, घरचे वैतागलेत. जमेल तसं लिहितो.

आधी जागा कळली पाहिजे. दक्षिण अटलांटिकच्या मधोमध हा ज्वालामुखीचा सुळका आहे. क्षेत्रफळ १२२ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर-उपनगराच्या पाचव्या हिश्श्याएवढं. आफ्रिकेचा किनारा १,९०० किमीहून लांब, ब्राझील त्याहून लांब. वस्ती साडेचार हजारांच्या आत. किनाऱ्याने नुसते काळे-तपकिरी उघडे कडे, आत वर गेलं की धुकं आणि हिरवळ. जेम्सटाउन ही राजधानी दोन डोंगरांच्या फटीत अशी बसलीय की एका बाजूचा दगड सुटला तर घराच्या छपरावर.

एवढ्या आडजागी कोण कशाला जाईल? उत्तर वाऱ्यात आहे. युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी शिडाची जहाजं वाऱ्यामुळे ब्राझीलच्या बाजूने मोठा वळसा घालून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला पोचत. त्यांना हे बेट लागतच नसे. परतीला मात्र केप ओलांडलं की आग्नेयेकडून वाहणारा व्यापारी वारा जहाजाला ढकलत ढकलत थेट या बेटाच्या दारात आणून सोडी. म्हणजे इथे थांबणारं जहाज बहुधा मालाने भरलेलंच असे: मिरी, कापड, पुढे चहा. खलाशी महिनोन् महिने खारवलेल्या मांसावर जगलेले, हिरड्या सुजलेल्या. त्यांना इथे गोडं पाणी, लिंबं, भाजी, बकऱ्याचं मांस मिळे. युद्धाचे दिवस असले तर इथेच थांबून एकमेकांची वाट बघायची आणि तांडा करून पुढे निघायचं.

१५०२ मध्ये जुआंव द नोव्हा हा पोर्तुगीज आरमाराचा कप्तान हिंदुस्थानातून परतताना इथे पोचला. पोर्तुगीजांनी वस्ती केली नाही. बकऱ्या सोडल्या, झाडं लावली आणि ठिकाण गुपित ठेवलं. (त्या बकऱ्यांनी पुढे जंगल असं फस्त केलं की विचारू नका.) १६५७ च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीला बेट मिळालं, १६५९ ला जॉन डटन माणसं घेऊन उतरला. मुंबई कंपनीच्या ताब्यात आली १६६८ ला. म्हणजे कंपनीच्या खात्यावर हे बेट मुंबईपेक्षा जुनं आहे.

केग्विनचं पुढचंही सांगून टाकतो. १६८३ च्या डिसेंबरात याने मुंबईतच कंपनीविरुद्ध बंड केलं, राजाच्या नावाने जवळजवळ वर्षभर मुंबई चालवली आणि संभाजी महाराजांशी तहही केला. माफी मिळाल्यावर शरण गेला. १६९० ला मेला तोही बेटावरच, कॅरिबियनमधल्या सेंट किट्सच्या लढाईत.

बाकी प्रतिसादांत.

---

नेपोलियन कुठाय? (आगाऊ कार्टा)

एवढा मोठा लेख, सेंट हेलेनावर, आणि नेपोलियनचं नाव नाही? हे म्हणजे पंढरपूरवर लिहायचं आणि बडव्यांवर संपवायचं.
बाकी ते टॉमचं वाचून आमच्या तानाजीची घोरपड आठवली. जगात सगळीकडे कडा चढायला एक यशवंती लागतेच.
पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

पयलो रहिवासी गोंयचो (गोंयकार)

वल्हं, लेख छान, पण बेटावरचा पहिला कायमचा माणूस तुम्ही गाळलात आणि तो तर आमच्या वाटेने गेलेला.

फर्नांव लोपिश. पोर्तुगीज शिपाई. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने गोवा घेतल्यावर जे काही शिपाई आदिलशाही बाजूला गेले, मुसलमान झाले, इथेच लग्नं केली, त्यांतला हा एक. १५१२ मध्ये आल्बुकर्कने बाणस्तारीच्या किल्ल्याला वेढा घातला. आज बाणस्तारी म्हटलं की आम्हाला गुरुवारचा बाजार आणि पूल एवढंच आठवतं. आत आदिलशाही सरदार रसूलखान होता, त्याच्याकडे हे फितूर. तह झाला, फितुरांना जिवे मारणार नाही असं वचन आल्बुकर्कने दिलं. ते पाळलं. मारलं नाही. नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापला.

आल्बुकर्क वारल्यावर लोपिश पोर्तुगालच्या जहाजात चढला. जहाज पाण्यासाठी सेंट हेलेनाला थांबलं, हा उतरला आणि झाडीत दडून बसला. तसलं तोंड घेऊन लिस्बनला बायकोपोरांसमोर कसं जायचं, असंच वाटलं असणार. जहाजवाल्यांनी शोधलं, सापडला नाही, तेव्हा किनाऱ्यावर थोडा शिधा आणि कपडे ठेवून निघून गेले.

पुढे एका जहाजावरून एक कोंबडा पाण्यात पडला, तो याने वाचवला. तोच सोबती, दिवसभर मागे मागे, रात्री जवळ. अंगठा नसलेल्या एका हाताने याने जमीन खणली, येणाऱ्या जहाजांनी दिलेली रोपं लावली, बकऱ्या-कोंबड्या वाढवल्या. जहाज दिसलं की लपायचा. जहाजवाले त्याच्यासाठी वस्तू ठेवून जायचे. नंतर एकदा राजाने बोलावून घेतलं, रोमला पोपपर्यंत जाऊन आला आणि परत जायला मागितलं ते याच बेटावर. १५४५ च्या सुमारास तिथेच वारला.

तुम्ही वर लिहिलंय ना, की खलाशांना लिंबं-भाजी मिळायची, ती बाग मुळात या माणसाची. बेटाची अर्थव्यवस्था म्हणता ती बाणस्तारीच्या एका अंगठा तोडलेल्या हातापासून सुरू होते.

---

(माजघर)

गोंयकारबाब, कोंबड्यापाशी आल्यावर मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसले.

वल्हं, बेटावरची माणसं आता खातात काय? आणि बोलतात कुठली भाषा?

---

वल्हं

गोंयकारबाब, दंडवत. हे मला ठाऊक असतं तर लेखाची सुरुवातच तिथून केली असती.

माजघर ताई, भाषा इंग्रजी, पण त्यांच्या खास वळणाची. स्वतःला 'सेंट' म्हणवतात. 'यॅमस्टॉक' हे जुनं टोपणनाव. कंपनीच्या काळात गुलामांना कोनफळाच्या जातीचे कंद खायला घालत, त्यावरून पडलेलं. माणसं सगळीकडून आणलेली: इंग्रज, मादागास्करचे आणि पूर्वेकडचे गुलाम, हिंदी महासागराच्या काठची माणसं, चिनी मजूर. एकाच घरात चार खंडांचे चेहरे.

खाण्यात टूना माशाच्या तिखट वड्या. आणि दुसरा पदार्थ ऐका : 'प्लो'. एकाच भांड्यात भात, मांस, भाज्या आणि करी पावडर. मूळ शब्द पुलाव असणार, कंपनीच्या जहाजातून उतरलेला. आता हा बरोबर पुलाव म्हणायचा की नाही, यावर इथे शंभर प्रतिसाद पडतील, तेव्हा थांबतो.

---

असईचा विजेता आणि भाड्याची खोली (शिडात वारा)

आगाऊ कार्ट्यासाठी नेपोलियन देतो, पण आपल्या बाजूने.

१८०३ ला असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली १८०५ मध्ये मायदेशी परतताना सेंट हेलेनाला थांबला. राहिला 'द ब्रायर्स' नावाच्या बंगल्यावर. दहा वर्षांनी याच वेलस्लीने, आता ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. कैदी नेपोलियन ऑक्टोबर १८१५ मध्ये बेटावर उतरला तेव्हा त्याच्यासाठीचं लाँगवुडचं घर तयार नव्हतं, म्हणून पहिले दोनेक महिने तो याच ब्रायर्सच्या आवारात राहिला. वेलिंग्टन तेव्हा पॅरिसला नेपोलियनच्या वाड्यात मुक्कामाला. त्याने बेटावरच्या अ‍ॅडमिरलला पत्रात खवचटपणे कळवलं, की मला त्याच्या खोल्या बऱ्या पडतात, त्यालाही माझ्या आवडल्या असतील अशी आशा आहे.

५ मे १८२१ ला नेपोलियन तिथेच मेला. थडग्यावर काय कोरायचं यावर गव्हर्नर हडसन लो आणि फ्रेंच मंडळींचं जमेना, तेव्हा दगड कोराच ठेवला. १८४० ला शव फ्रान्सला नेलं. तो कोरा दगड आणि रिकामी कबर अजून आहे. १८५८ पासून घर आणि कबरीची जागा फ्रेंच सरकारच्या मालकीची. ब्रिटिश बेटावर तेवढ्या तुकड्यात तिरंगी फडकतो (त्यांचा).

---

आता जरा जमाखर्च (हिशेबनीस)

नेपोलियन रोमँटिक आहे, पण बेटाच्या वहीत तो 'जमा' बाजूला लिहिलेला आहे हे विसरू नका. एका कैद्यासाठी फौज आली, आरमार आलं, त्यांचा पगार बेटावर खर्च झाला. १८१७ ची शिरगणती बघा: गोरे रहिवासी ८२१, फौज ८२०, चिनी मजूर ६१८, स्वतंत्र काळे ५००, गुलाम १,५४०. जेवढे गोरे मालक तेवढेच शिपाई. अशा गावाचा बाजार कोणावर चालत असेल?

कैदी गेला, बाजार बसला. १८३४ ला कंपनीकडून बेट राजसत्तेकडे गेलं आणि कंपनीची फौज, कारकून, पेन्शनी सगळ्यावर कात्री. कंपनी बेटावर तोटा सोसत होती कारण तिची जहाजं तिथे थांबत. लंडनच्या सरकारला तसलं कारण नव्हतं. पुष्कळ कुटुंबं केपला निघून गेली.

तरी जहाजं होती. १८५५ मध्ये ११०० जहाजं थांबली, म्हणजे रोज तीन. १८६९ ला सुवेझ उघडला. १८८९ चा आकडा २८८. सुवेझ एकटाच गुन्हेगार नाही. वाफेच्या जहाजाला वाऱ्याची पर्वा नसते, तेव्हा वर वल्हं यांनी सांगितलेलं ते वाऱ्याचं गणितच मोडलं. मुंबईचं त्याच कालव्याने भलं झालं, हे आपण शाळेत शिकलो. दुसऱ्या टोकाला कुणाचं दुकान बंद झालं ते शिकलो नाही.

मग परत कैदी. १८९० मध्ये झुलू राजा दिनुझुलू, सात वर्षं. १९०० ते १९०२ दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातले कैदी, सहा हजारांच्या आसपास, त्यात जनरल क्रोन्ये. १९०१ मध्ये बेटाची लोकसंख्या दहा हजाराला टेकली होती, इतकी आधी कधी नाही, नंतर कधी नाही. ते गेले, पुन्हा मंदी.

आणि मग आलं फ्लॅक्स. आपल्या जवसाशी याचा काही संबंध नाही. न्यूझीलंडची वनस्पती, तलवारीसारखी लांब पानं, दुरून घायपात वाटावी. पान गिरणीत खरवडायचं, धागा धुऊन वाळवायचा, त्याची दोरी आणि सुतळी. १८७४ चा पहिला प्रयत्न फसला, १९०७ पासून जम बसला. दोन्ही महायुद्धांत दोरीला सोन्याचा भाव. डोंगरउतार सगळे फ्लॅक्सचे, गाढवांच्या पाठीवर पानांचे भारे, १९५१ ला उत्पादनाचा कळस. मोठं गिऱ्हाईक ब्रिटिश टपाल खातं. १९६५ मध्ये टपाल खात्याने ठरवलं, आता कृत्रिम धागा वापरायचा. १९६६ ला शेवटची गिरणी बंद.

साडेसात हजार किलोमीटरवर एका कचेरीत सुतळी बदलली आणि इथे एका बेटाचा उद्योग संपला. मी नोकरीत असताना 'एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नका' हे कर्ज मागायला येणाऱ्या छोट्या कारखानदारांना सांगून सांगून थकलो. याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे तेव्हा असायला हवं होतं.

---

(टपालपेटी)

हिशेबनीस काका, वाचनखूण साठवली.

माझ्या अल्बममध्ये सेंट हेलेनाची दोन पानं आहेत. बेटाचं पहिलं तिकीट १८५६ चं, सहा पेनीचं, निळं. ते अर्थात माझ्याकडे नाही, माझ्याकडची पुढची, बोटी आणि पक्ष्यांची. लहान देशांना तिकिटं ही कमाईच असते. छापायला काही पेनी, संग्राहक पैसे देऊन घेतो आणि पाकिटावर कधी चिकटवत नाही. टपाल खात्याने धंदा बुडवला आणि टपाल तिकिटांनी थोडा हात दिला, असं म्हणायला हरकत नाही.

आणि 'आरएमएस सेंट हेलेना' : आर, एम म्हणजे रॉयल मेल. नाव टपालाचं, पण त्या जहाजातून टपालाबरोबर बटाटे, मोटारी, नवरी-नवरदेव, सगळं यायचं. केपटाऊनहून पाच रात्री. २०१८ च्या फेब्रुवारीत शेवटची फेरी झाली.

---

२८५ दशलक्ष पौंड (साशंक)

मला कळत नाही एवढे उसासे कशाला. त्या बेटावर ब्रिटनने २८५ दशलक्ष पौंड घालून विमानतळ बांधला. साडेचार हजार डोकी. दरडोई जवळजवळ ६५ हजार पौंड. तेवढे हातात दिले असते तर सगळे सुखाने कुठेही राहिले असते. वर तो विमानतळ उघडायच्या वेळी बंद निघाला, ब्रिटिश पेपरांनी 'जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ' म्हणून टोपी उडवली. अनुदानावर जगणाऱ्या जागेला इतिहास चिकटवला की ती कीव करण्यालायक होते, एवढंच.

---

वल्हं

साशंकराव, चूक झाली हे खरंय. विमानतळ बांधलाय प्रॉस्परस बेच्या पठारावर, म्हणजे केग्विनची माणसं जो कडा चढली त्याच्याच माथ्याला. सपाट जागा नव्हतीच, म्हणून 'ड्राय गट' नावाची अख्खी घळ सुमारे ऐंशी लाख घनमीटर दगडमातीने भरून काढली, तेव्हा धावपट्टीला लांबी मिळाली. मे २०१६ ला उद्घाटन ठरलेलं. एप्रिलमध्ये मोठं बोइंग उतरवून पाहिलं तर धावपट्टीच्या टोकाला वारा अचानक दिशा आणि जोर बदलतो. कड्यावर आदळून वर उसळणारा वारा. ज्या वाऱ्याने जहाजं आणली त्याने विमान परतवलं.

मग छोटं एम्ब्राएर विमान, कमी माणसं घेऊन. १४ ऑक्टोबर २०१७ ला जोहान्सबर्गहून पहिलं नियमित विमान उतरलं. अजूनही बहुधा आठवड्याला एक, हंगामात जास्त.

पण निरुपयोगी? अपेंडिक्स फुटलेल्या माणसाला विचारा. आधी जहाज येईपर्यंत वाट पाहायची आणि मग पाच रात्री समुद्रावर.

---

(हिशेबनीस)

वल्हं, भावना बाजूला ठेवा, साशंक यांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. गणित पर्यटकांवर मांडलं होतं, वर्षाला तीस हजारांच्या घरात. आठवड्याला एक विमान, शंभरेक आसनं, सगळी भरली तरी वर्षाची पाच हजार, त्यात निम्मे गावचेच ये-जा करणारे. हे उत्तर पाचवीतल्या पोराला आलं असतं.

दुसरा अर्धा चूक आहे. 'अनुदानावर जगणारी जागा' म्हणताना आधी कोण कोणाच्या जिवावर जगलं ते बघा. पावणेदोनशे वर्षं कंपनीची एकेक मालाने भरलेली जहाजं या बेटाच्या पाण्यावर घरी पोचली. त्याचं बिल कुणी लावलं नाही.

---

मनीऑर्डर (शिडात वारा)

माझं आजोळ राजापूर तालुक्यात. गावात म्हातारे, बायका आणि पोरं. कर्ते सगळे मुंबईला. सेंट हेलेनाचं वाचताना सारखं तेच दिसत होतं. फ्लॅक्स बुडाल्यावर तरुण माणूस असेन्शन बेटावर, नाहीतर फॉकलंडला, तळांवर नोकरीला, पोरं आजीकडे. पैसे येणार, माणूस सुट्टीत येणार. असेन्शन १,३०० किलोमीटर, मुंबई-राजापूर चारशे, फरक एवढाच.

आणि एक मोठी ठेच. १९८१ च्या कायद्याने ब्रिटनने या लोकांचं पूर्ण नागरिकत्व काढून घेतलं. ब्रिटनमध्ये जाऊन राहायचा, काम करायचा हक्क संपला. बेटावर नोकरी नाही आणि बाहेर जायचं तर दार बंद. हे लोक काय घेऊन भांडले असतील? चार्ल्स दुसऱ्याची १६७३ ची सनद! बेटावर राहणारे आणि त्यांची मुलंबाळं इंग्लंडात जन्मल्यासारखेच हक्कदार, असं तीत लिहिलेलं. केग्विनने बेट जिंकलं त्याच वर्षीची. २१ मे २००२ ला, बेट सापडल्याच्या पाचशेव्या वाढदिवशी, नागरिकत्व परत मिळालं.

परत मिळालं आणि लोक निघाले. १९९८ ला पाच हजार होते, २००८ ला चार हजारांच्या आसपास.

---

रूपर्ट्स व्हॅली (माजघर)

तुम्ही सगळे जहाजं आणि कैदी मोजताय. मी दोन दिवस दुसरंच वाचतेय.

१८४० पासून ब्रिटिश आरमार अटलांटिकमधली गुलामांची जहाजं पकडून सेंट हेलेनाला आणत असे. पुढच्या तीसेक वर्षांत पंचवीस हजारांहून जास्त आफ्रिकी माणसं इथे उतरवली. जेम्सटाउनशेजारच्या रूपर्ट्स व्हॅली या उजाड घळीत छावणी. जहाजाच्या तळाशी आठवडेच्या आठवडे कोंबलेली, देवी, हगवण. आठ हजारांच्या आसपास माणसं तिथेच मेली आणि तिथेच पुरली. जगली त्यांतली बहुतेक कॅरिबियनला मळ्यांवर धाडली गेली. कलकत्त्याहून गयाना-त्रिनिदादला जाणारी आपल्या गिरमिटियांची जहाजंही याच बेटावर पाण्याला थांबत. एकाच धक्क्यावर एक मळ्याकडे चाललेला 'मुक्त' आणि दुसरा मळ्याकडे चाललेला 'करारी'.

२००८ मध्ये तुमच्या त्या विमानतळाच्या रस्त्यासाठी खणलं तेव्हा ३२५ सांगाडे निघाले. त्यात कितीतरी मुलांचे. काहींच्या अंगावर मण्यांची माळ, बांगडी. ते खोक्यांत भरून जेम्सटाउनमध्ये ठेवले आणि २०२२ ला पुन्हा पुरले. चौदा वर्षं.

एक रिकामी कबर बघायला माणसं खंड ओलांडून येतात. या आठ हजारांच्या वाटेला एक रस्ता आला.

---

(साशंक)

माजघर, हे मला माहीत नव्हतं. वरचं 'इतिहास चिकटवला' मागे घेतो. २८५ दशलक्षांबद्दलचं नाही.

---

(आगाऊ कार्टा)

वातावरण जरा गंभीर झालंय म्हणून विचारतो. बेटावरचा तो म्हातारा कासव अजून आहे का?

---

वल्हं

आहे की. जॉनथन. १८८२ ला सेशेल्सहून आणला तेव्हाच पूर्ण वाढलेला होता, त्यावरून जन्म अंदाजे १८३२ चा. गव्हर्नरच्या बंगल्यासमोरच्या हिरवळीवर असतो. दिसत नाही, वास येत नाही, पण खाणं जोरात.

माजघर ताई, तुमचा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता. मी जहाजांच्या नादात राहिलो.

हिशेबनीस काका, फ्लॅक्सचं एक राहिलं. गिरण्या बंद झाल्या पण झाड गेलं नाही. ते वरच्या डोंगरांवर असं माजलंय की बेटाची मूळची झाडं, जगात दुसरीकडे कुठेच नसलेली, कोपऱ्यात ढकलली गेलीत. ती झाडं धुक्यातलं पाणी पानांवर धरतात आणि तेच पाणी खाली नळाला येतं. म्हणून आता फ्लॅक्स उपटून मूळ झाडं लावायचं काम चालू आहे. पन्नास वर्षं लावायला राबले, आता काढायला राबतायत.

आणि सध्याची कमाई? १७३३ मध्ये येमेनहून आणलेल्या बियाण्याची कॉफी आहे, महाग आणि थोडीशी. मासे आहेत. नवीन म्हणजे समुद्राखालची केबल. पोर्तुगालपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जाणारी 'इक्वियानो' केबल, तिचा एक फाटा २०२१ मध्ये बेटावर घेतला, तोही रूपर्ट्समध्येच. २०२३ च्या ऑक्टोबरपासून चालू. आधी अख्खं बेट एका उपग्रहाच्या जोडणीवर, महाग आणि गोगलगाईच्या वेगाचं. आता उपग्रह कंपन्यांना अँटेना उभारायला जागा द्यायची, असं चाललंय. महासागराच्या मध्यावर दुसरी जमीनच नाही ना.

---

(हिशेबनीस)

पोर्तुगालहून निघून केपकडे. वाट १५०२ चीच की हो, उलट्या दिशेने. फक्त यावेळी उतरून पाणी भरायचं काम नाही.

---

(गोंयकार)

आनी कोंबो ना.

---

(माजघर)

रविवारी प्लो केला. कांदा, कोंबडी, गाजर, फरसबी, बटाटा, हळद, करी पावडर घरात नव्हती म्हणून गोडा मसाला, आणि तांदूळ सगळं एकाच पातेल्यात. नवरा म्हणाला, "मसालेभातात कोंबडी कोणी टाकली?"
फोटो उद्या डकवते.